आयआयटी मद्रासचा ऑनलाईन डेटा सायन्स कोर्स: नोकरी सांभाळून जवळपास तीन वर्षं केला, माझा अनुभव

खूप जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी सांगलीत राहते, बी.कॉम. झालेली, एका बेदाणा व्यापाऱ्याच्या ऑफिसात हिशेब बघते, दोन मुलं आहेत. जानेवारी २०२३ ला आयआयटी मद्रासच्या बीएस इन डेटा सायन्स अँड अॅप्लिकेशन्सला लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये फाउंडेशन (कोर्सची पहिली पायरी) आणि डेटा सायन्सचा डिप्लोमा एवढं पूर्ण झालं. पुढची डिग्री अजून बाकी आहे. म्हणजे हा अर्ध्या वाटेवरचा रिव्ह्यू आहे, पण मशीन लर्निंगचा (जुन्या डेटावरून कॉम्प्युटरला अंदाज काढायला शिकवणं) मुख्य भाग डिप्लोमातच येतो त्यामुळे त्याबद्दल मी नीट बोलू शकते.

आधी हे सांगते की मी इथपर्यंत आले कशी, कारण तुलना त्याशिवाय कळणार नाही. २०२१ ला मी एका खाजगी क्लासचा चार महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स केला होता (नाव लिहीत नाही). पासष्ट हजार भरले, शनिवार रविवार ऑनलाईन. शिकवणारे नोटबुक (आधीच कोड लिहिलेली फाईल) उघडायचे, वरून खाली रन करत जायचे, मॉडेल डॉट फिट, मॉडेल डॉट प्रेडिक्ट, अॅक्युरसी आली ब्याण्णव टक्के, झालं, पुढचा टॉपिक. मी एकदा विचारलं की सर हे फिट म्हणजे आत नक्की काय होतं, तर उत्तर मिळालं इंटरव्ह्यूला एवढं खोलात विचारत नाहीत. सर्टिफिकेट मिळालं. पण ऑफिसमधल्या स्वतःच्या फाईलवर तेच करायला बसले तर पहिल्या ओळीपासून अडले. आपला डेटा काही तसा स्वच्छ नव्हता आणि एरर आली की ती का आली हेच कळायचं नाही. फार वाईट वाटलं होतं तेव्हा, पैशापेक्षा जास्त ह्याचं की आपल्याला हे जमणारच नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग ह्या कोर्सचं कळलं. हा २०२० च्या जूनमध्ये सुरू झाला, तेव्हा तीन वर्षांची बीएससी होती, नंतर चार वर्षांची बीएस झाली. जेईई लागत नाही, वयाची अट नाही. बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी पाहिजे एवढंच. मला वाटलं एवढं सोपं असेल तर काहीतरी गडबड असणार. तसं काही नाही, आत येणं सोपं आहे, टिकणं अवघड आहे.

पहिल्यांदा क्वालिफायर असतो. चार आठवडे ते तुम्हाला खरंच शिकवतात, गणित, स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटेशनल थिंकिंग आणि इंग्रजी असे चार विषय, दर आठवड्याला असाइनमेंट, आणि त्यात ठराविक मार्क पडले तरच परीक्षेला बसायला मिळतं. परीक्षा चार तासांची, सेंटरवर जाऊन. मला ही पद्धत प्रचंड आवडली, म्हणजे तुम्ही आधी काय शिकलाय हे न बघता आम्ही जे शिकवलं ते तुम्हाला झेपतंय का एवढंच बघतात. माझ्यासारख्या बारावीला गणित सुटलेल्या कॉमर्सवालीला ह्याहून न्याय्य दार मला दुसरं माहीत नाही. मी अर्ज केला तेव्हा क्वालिफायरची फी ३,००० होती.

आता फाउंडेशनबद्दल. आठ विषय, ३२ क्रेडिट, माझ्या वेळी एकूण फी ३२,००० होती, पण ती एकदम भरायची नसते, त्या टर्मला जेवढे विषय घ्याल तेवढीच. वर्षात तीन टर्म असतात, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. मी दर टर्मला दोनच विषय घेतले म्हणून फाउंडेशनला चार टर्म लागल्या. उत्पन्न कमी असेल, एससी एसटी असाल किंवा दिव्यांग असाल तर फीत मोठी सवलत आहे, साईटवर पूर्ण तक्ता आहे तो बघाच, फी मध्ये मध्ये बदलते.

सगळ्यात आधी मला ज्या विषयाने धरून ठेवलं तो कॉम्प्युटेशनल थिंकिंग. माधवन मुकुंद (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे) आणि जी. वेंकटेश हे दोघं टेबलाशी बसून चक्क कार्डं हातात घेऊन शिकवतात. एका गठ्ठ्यात विद्यार्थ्यांचे मार्क, एकात दुकानाची बिलं, एकात एका परिच्छेदातले शब्द. कोड नाही, कॉम्प्युटर नाही. वरचं कार्ड उचलायचं, बघायचं, मनातला आकडा बदलायचा, कार्ड बाजूला ठेवायचं, पुढचं. सगळ्यात मोठा आकडा शोधायचा तर हातात किती गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, सरासरी काढायची तर किती, दोन गठ्ठ्यांची जुळणी करायची तर किती वेळा उलटापालट होते. मी वीस वर्षं बिलांचे गठ्ठे असेच उलटलेत हो! पावत्या जुळवताना आपण जे करतो त्याला लूप म्हणतात, मनात ठेवतो त्याला व्हेरिएबल म्हणतात, हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. त्यानंतर आयआयटी रोपडच्या सुदर्शन अय्यंगार सरांचं पायथन (कोड लिहायची भाषा) सुरू झालं तेव्हा अर्धी भीती आधीच गेली होती.

गणितासाठी एक गोष्ट मराठी मीडियमवाल्यांना मुद्दाम सांगते. शब्दांना घाबरू नका. डिटरमिनंट आला आणि मी गोठले, मग घरी दहावीचं बीजगणित काढलं तर तो आपला निश्चयक निघाला, क्रॅमरच्या पद्धतीतला. मीन, मीडियन, मोड म्हणजे मध्य, मध्यक, बहुलक. प्रोबॅबिलिटी म्हणजे संभाव्यता. मी एक वही केली होती, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे बालभारतीचा शब्द, आणि खाली एक उदाहरण. पहिल्या दोन टर्म त्या वहीवर निघाल्या. लेक्चर इंग्रजीत आहेत आणि तेच ऐकून ऐकून कान तयार होतो, पण समजणं माझं मराठीतूनच झालं आणि त्यात काही कमीपणा नाही.

परीक्षा हा मोठा मुद्दा आहे. लेक्चर घरी बसून बघता, पण क्विझ वन, क्विझ टू आणि एंड टर्म सेंटरवर जाऊन द्यावी लागते, रविवारी. बारा आठवड्यांच्या टर्ममध्ये तीन रविवार तर ठरलेलेच. मी सेंटर पुणे घेतलं कारण ताई हडपसरला असते, शनिवारी दुपारची एसटी पकडायची, रात्री ताईकडे मुक्काम, रविवारी पेपर, रात्रीच्या गाडीने परत, सोमवारी ऑफिस. शिवाय प्रोग्रॅमिंगच्या विषयांना घरून कॅमेरा लावून कोडिंगची परीक्षा असते, त्या दिवशी मी इन्व्हर्टर चार्ज आहे का ते सकाळपासून तीनदा बघायचे. पण एक सांगते, ह्या सेंटरवरच्या परीक्षांमुळेच ह्या शिक्षणाला वजन आहे. त्या खोलीत माझ्या एका बाजूला बारावी झालेला मुलगा असायचा आणि दुसऱ्या बाजूला पन्नाशीचे गृहस्थ, पेपर संपला की तिघं बाहेर येऊन शेवटच्या प्रश्नावर भांडायचो. कॅम्पस नाही म्हणून काहीतरी राहिलं असं वाटतं खरं, पण ती दहा मिनिटं मला कॉलेजसारखीच होती.

आता मशीन लर्निंग. डिप्लोमात ह्याचे तीन विषय ओळीने येतात, फाउंडेशन्स, टेक्निक्स आणि प्रॅक्टिस. डिप्लोमाची फी तेव्हा ६२,५०० च्या आसपास होती. त्यातला फाउंडेशन्स हा विषय मला पहिल्यांदा सुटला नाही, पुन्हा फी भरून पुन्हा केला. त्यात लिनिअर अल्जेब्रा, कॅल्क्युलस, संभाव्यता आणि ऑप्टिमायझेशन असं सगळं एकत्र येतं, आणि मी त्या टर्मला ऑफिसच्या हिशेबात अडकलेले, चार आठवड्यांचं साचलं ते साचलंच. इथे साचू दिलं की संपलं, हे ज्यांना नोकरी आहे त्यांनी लिहून ठेवा. आठवड्याला एका विषयाला दहा तास धरून चाला, ह्या विषयाला त्याहून जास्त.

टेक्निक्स हा मात्र आख्ख्या कोर्सचा जीव आहे असं माझं मत. अरुण राजकुमार सर शिकवतात. फळ्यावर एक एक ओळ लिहीत, घाई नाही, आणि प्रत्येक पायरीला आधी प्रश्न मग उत्तर. लिनिअर रिग्रेशन मी आधीच्या क्लासमध्ये 'शिकले' होते, ठिपक्यांमधून रेघ काढणे एवढं कळलं होतं. इथे कळलं की तुमची उत्तरं हा एक बाण समजा आणि तुमच्या कॉलमांपासून जे काही बनवता येतं ते सगळं मिळून एक सपाट जमीन समजा. बाण जमिनीवर नाहीये, वर हवेत आहे. मग जमिनीवरचा त्याच्या सगळ्यात जवळचा बिंदू कुठला? जिथे लंब पडतो तो! बिंदूतून रेषेवर लंब टाका, सगळ्यात कमी अंतर लंबाचं, हे आपण नववी दहावीला किती वेळा केलंय. त्या दिवशी रात्री साडेअकराला मी व्हिडिओ थांबवला आणि नुसती बसून राहिले. ते मोठं सूत्र, ट्रान्सपोज आणि इन्व्हर्सवालं, म्हणजे लंब टाकण्याचं सूत्र आहे. बास. ते पाठ करावं लागलंच नाही मग.

के मीन्सचंही तसंच. गट पाडायचे, प्रत्येक गटाचा मध्य काढायचा, ज्याला जो मध्य जवळ त्या गटात तो ढकलायचा, परत मध्य काढायचा. हे मला माहीत होतं. पण हे कधीतरी थांबेलच कशावरून, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. सरांनी तो विचारला आणि सिद्ध केलं. प्रत्येक फेरीत अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीच होते, म्हणून एकदा सोडलेली विभागणी परत येऊ शकत नाही, आणि विभागण्या तर मोजक्याच आहेत, म्हणजे थांबणारच. आणि लगेच पुढचं वाक्य, थांबेल पण सगळ्यात चांगल्या जागी थांबेल असं नाही. मला असं शिकणं हवं होतं, की काय जमतं आणि काय जमत नाही दोन्ही कळेल.

ह्याच विषयात पहिल्याच आठवड्यात पीसीए येतं, म्हणजे खूप कॉलम असलेला डेटा थोडक्या दिशांत कसा मांडायचा. त्याबद्दल वाचता वाचता मला कळलं की ह्याच जातीची कल्पना आकड्यांऐवजी फंक्शनवर लावून आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९४३ साली लिहिली होती, तेव्हा ते पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवत होते. आज ती कारुनेन आणि लोएव्ह ह्यांच्या नावाने ओळखली जाते. कोसंबी म्हणजे इतिहास एवढंच मला ठाऊक होतं. हे कळल्यावर फर्ग्युसनच्या रस्त्याने जाताना वेगळंच वाटतं. आपल्याकडच्या कॉलेजांत हा विषय शिकवणाऱ्यांनी वर्गात हे एकदा तरी सांगावं अशी फार इच्छा आहे.

प्रॅक्टिसचा विषय आशिष तेंडुलकर सरांचा, सायकिट लर्नवर (पायथनमधली मशीन लर्निंगची तयार साधनं). इथे तेच फिट आणि प्रेडिक्ट आलं जे मी २०२१ ला टाइप केलं होतं, पण आता प्रत्येक ओळीच्या मागे काय चाललंय ते दिसत होतं. ट्रेनिंगचा आणि टेस्टचा डेटा आधी वेगळा करा, मग स्केलिंग (सगळे कॉलम एका मापात आणणं) करा, उलटं केलंत तर टेस्टची माहिती आत गळते, ही चूक मी पूर्वी दर वेळी करायचे आणि त्या ब्याण्णव टक्क्यांवर खूश व्हायचे.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त लिहायचंय तो भाग. डिप्लोमात बिझनेस डेटा मॅनेजमेंट नावाचा विषय आणि त्याचा वेगळा प्रोजेक्ट असतो. तयार डेटा घ्यायचा नाही, जवळच्या एखाद्या खऱ्या धंद्याकडे जायचं, परवानगी घ्यायची, त्यांच्याकडून डेटा घ्यायचा, त्यांची अडचण शोधायची, विश्लेषण करायचं आणि शेवटी तोंडी परीक्षा. माझ्या मामांचं तासगाव तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. द्राक्षाचा भाग. अडचण त्यांनीच सांगितली, छाटणीच्या वेळी पाहिजे ते औषध संपतं आणि नको ते गोडाऊनला पडून राहून एक्स्पायर होतं. मी म्हटलं मामा, बिलबुकं द्या. ते म्हणाले, "अगं ह्या वह्यात काय सोनं हाय व्हय, घेऊन जा की."

चौदा महिन्यांची बिलबुकं घरी आणून रोज रात्री टाइप केली. आणि पहिला धक्का एक्सेलने दिला. विद्राव्य खतं ही आकड्यांच्या नावानेच ओळखली जातात, ०:५२:३४, १३:०:४५, १९:१९:१९. मी ०:५२:३४ टाइप केलं की एक्सेल त्याला वेळ समजायचं, रात्रीचे बारा वाजून बावन्न मिनिटं चौतीस सेकंद! एकोणीस एकोणीस म्हणजे संध्याकाळचे सव्वासात वाजून गेलेले. दोन रात्रींचं काम पुन्हा करावं लागलं. टाइप करायच्या आधी आख्खा कॉलम टेक्स्ट करून ठेवायचा, हे मी आता कुणालाही आधी सांगते. मग नावांचा घोळ, मामांच्या दुकानात तिघं बिल लिहितात, त्यामुळे एकच खत कुणी बावन्न चौतीस अक्षरी लिहिलेलं, कुणी मध्ये टिंबं दिलेली, कुणी कंपनीचं नाव. मोरचूद कुणी मोरचुद, कुणी कॉपर. नगांचे आकडे काही ठिकाणी मराठीत होते तेही मी तसेच टाइप केले होते, पांडाज (पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन) त्यांना आकडा मानेना, पण पायथनचा साधा इंट (मजकुराचा आकडा करणारी आज्ञा) मराठी आकडे सरळ वाचतो! मला हे अजिबात माहीत नव्हतं, करून बघितलं आणि पन्नास लिहिलेलं मराठीतलं पन्नास झालं. एवढा आनंद मला दोन वर्षांत झाला नव्हता.

ह्या सगळ्या साफसफाईत प्रोजेक्टचा निम्म्याहून जास्त वेळ गेला. मॉडेल असं काही मोठं केलंच नाही. मालाची अ ब क वर्गवारी केली, कुठल्या मोजक्या मालावर बहुतेक विक्री आहे ते काढलं, आणि आठवड्यावार विक्री मांडली. मग जे दिसलं ते मामांना आधीच माहीत होतं असं ते म्हणतात, पण कागदावर कधी नव्हतं. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस झाला की डावणीच्या (द्राक्षावरचा रोग) औषधाला एकदम उठाव येतो, आणि तो सगळ्या गावांत एकाच आठवड्यात येत नाही, कारण छाटण्या पुढेमागे असतात. मामा सगळा माल एकदम भरायचे. आम्ही गावांप्रमाणे छाटणीच्या तारखांचा एक साधा तक्ता केला, शेतकरी दुकानात आला की तारीख विचारून त्यात लिहायची. बास एवढंच. तोंडी परीक्षेत मला विचारलं की हे तुम्ही मशीन लर्निंगने का नाही केलं, मी सांगितलं की चौदा महिन्यांत छाटणीचा हंगाम एकदाच पूर्ण आलाय, एका हंगामावरून पुढच्या हंगामाचा अंदाज काढणं बरोबर नाही. हे उत्तर मी द्यायला शिकले ह्याचं श्रेय मी पूर्ण ह्या कोर्सला देते.

कुणी घेऊ नये ते पण सांगते. सहा महिन्यांत नोकरी बदलायचीय अशांनी घेऊ नये. फक्त आयआयटीचं नाव बायोडेटावर हवंय त्यांनी अजिबात घेऊ नये, हे बी.टेक. नाही आणि ते कुठे तसं म्हणतही नाहीत. ज्यांच्या घरी रविवार मोकळा मिळणार नाही त्यांनी आधी घरच्यांशी बोलून घ्या, माझ्याकडे सासूबाईंनी मुलांचे रविवार सांभाळले नसते तर हे झालंच नसतं. उलट कुठल्याही पायरीला थांबता येतं ही सोय फार मोलाची आहे, फाउंडेशनला सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, ११४ क्रेडिटला बीएससी आणि १४२ ला बीएस, म्हणजे मध्येच आयुष्य आडवं आलं तरी हातात काहीतरी राहतं.

लॅपटॉप साधाच आहे माझा, आठ जीबी रॅमचा, आजवर अडलं नाही, जड काम कोलॅबवर (गूगलच्या कॉम्प्युटरवर ऑनलाईन कोड चालवायची सोय) होतं.

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एवढ्यासाठीच की मराठीतून ह्या दर्जाचं काही असतं तर माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली आज ह्यात असत्या.

अर्ज करायच्या आधी एक करा. बहुतेक विषयांची लेक्चर यूट्यूबवर फुकट आहेत. कॉम्प्युटेशनल थिंकिंगचा पहिला आठवडा लावा, आणि नुसतं बघू नका, घरातली किराण्याची वीसपंचवीस बिलं गोळा करा, टेबलावर गठ्ठा ठेवा आणि ते जसं करतात तसं हाताने करा. कुठल्या दुकानात सगळ्यात जास्त खर्च झाला ते एकदाच गठ्ठा उलटून काढता येतंय का बघा. त्यात रात्रीचा एक तास कसा गेला ते कळलं नाही, तर क्वालिफायरचा फॉर्म भरा.